मिश्रणाकडून रचनेकडे : दाबविद्युत सिरॅमिक-बहुवारिक संमिश्रांची वाटचाल

प्रस्तावना

नवे द्रव्य सापडले की पदार्थविज्ञानाच्या इतिहासात त्याची ठळक नोंद होते. जुन्याच दोन द्रव्यांची कोणी वेगळ्या तऱ्हेने मांडणी केली, तर ती नोंद बहुधा तळटीपेत जाते. दाबविद्युत सिरॅमिक आणि बहुवारिक (पॉलिमर) यांच्या संमिश्रांचा इतिहास या दुसऱ्या प्रकारात मोडतो. रुग्णालयातील सोनोग्राफीचा हातात धरावयाचा शोधक आणि पाण्याखालील आवाजांचा कानोसा घेणारे हायड्रोफोन यांसारख्या संवेदकांत ही संमिश्रे आज सर्रास आढळतात. वर्गात मात्र आपण त्यांची ओळख एका वाक्यात उरकतो : सिरॅमिक कार्यक्षम पण ठिसूळ, बहुवारिक लवचिक पण दुर्बल, म्हणून दोहोंचे मिश्रण. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, परंतु घडले ते तसे नाही. सिरॅमिकची भुकटी बहुवारिकात मिसळण्याचे प्रयोग आधी झाले आणि त्यांतून अपेक्षेच्या मानाने फार थोडे हाती लागले. मिश्रणाचा विचार बाजूला ठेवून रचनेचा विचार सुरू झाला, तेव्हा या क्षेत्राला गती आली. हा बदल कोणत्या प्रश्नामुळे घडला आणि त्यासाठी जवळपास एक शतक का लागले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

स्फटिकांचा काळ

झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० साली पॅरिसमध्ये दाखवून दिले की टुर्मलीन, क्वॉर्ट्झ, पुष्कराज, उसाची साखर, रोशेल लवण अशा काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार प्रकट होतो. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी ऊष्मागतिकीच्या आधारे याची उलट बाजूही असली पाहिजे, म्हणजे विद्युत्‌क्षेत्र लावल्यास स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे, असे अनुमान केले आणि क्युरी बंधूंनी ते लगोलग प्रयोगाने पडताळले. या आविष्काराला हांकेल यांनी १८८१ साली दिलेले नाव 'दाबणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आले आहे. मराठीतील 'दाबविद्युत' हा शब्द मूळ नावाशी इतका प्रामाणिक आहे, की परिभाषेबाबत एरवी होणाऱ्या तक्रारींना येथे जागा नाही.

पुढील तीन-साडेतीन दशके हा विषय मुख्यतः स्फटिकांच्या सममितीचा अभ्यास करणाऱ्यांचा राहिला. फोल्डेमार फोइक्ट यांच्या १९१० सालच्या स्फटिकभौतिकीवरील ग्रंथाने त्याची गणिती चौकट पक्की केली. उपयोगाची निकड आली ती पहिल्या महायुद्धात. पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पॉल लांझव्हँ यांनी १९१७ च्या सुमारास पोलादी पट्ट्यांमध्ये क्वॉर्ट्झच्या चकत्या बसवून पाण्यात ध्वनितरंग सोडणारे व टिपणारे साधन बनविले. पुढे येणाऱ्या विवेचनाच्या दृष्टीने एवढे ध्यानात ठेवावे, की दाबविद्युतेचा पहिला मोठा ग्राहक नौदल होते आणि तिची कसोटी पाण्यात लागत होती.

क्वॉर्ट्झ टिकाऊ होता, पण त्याची संवेदनशीलता बेताची. रोशेल लवण कितीतरी अधिक संवेदनशील होते, पण ते पाण्यात विरघळते. जोसेफ व्हॅलासेक यांना १९२०-२१ मध्ये याच लवणात फेरोइलेक्ट्रिक गुणधर्म आढळला. म्हणजे त्याचे अंगभूत ध्रुवण बाह्य विद्युत्‌क्षेत्राने उलटविता येते. त्या वेळी ही एका चमत्कारिक लवणाची लहर वाटली असावी. पंचवीस वर्षांनी सिरॅमिकला दाबविद्युत बनविण्याची किल्ली तीच ठरली.

भाजलेल्या भुकटीला दिशा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, जपान आणि सोव्हिएत रशिया या तीन ठिकाणी परस्परांच्या नकळत बेरियम टिटॅनेट या संयुगाचे असाधारण विद्युत्‌गुण लक्षात आले. शोध चालला होता तो धारित्रांसाठी चांगल्या पदार्थाचा. त्या काळच्या समजुतीनुसार सिरॅमिक दाबविद्युत असणे शक्यच नव्हते. त्यात असंख्य सूक्ष्म स्फटिककण वाटेल त्या दिशांना तोंडे करून भाजून घट्ट झालेले असतात. प्रत्येक कणाचा परिणाम दुसरा कण पुसून टाकतो. अमेरिकेत आर. बी. ग्रे यांनी युद्धाच्या अखेरीस असे दाखविले की बेरियम टिटॅनेटच्या तुकड्याला प्रबळ विद्युत्‌क्षेत्र लावून ठेवले असता कणांची ध्रुवणे बऱ्याच अंशी एका दिशेला वळतात आणि क्षेत्र काढून घेतल्यावरही तशीच राहतात. या क्रियेला ध्रुवीकरण म्हणतात. ती झाली की भाजलेली भुकटी एखाद्या स्फटिकासारखी वागू लागते.

या घटनेकडे आपण सहसा एक तांत्रिक पायरी म्हणून पाहतो. प्रस्तुत लेखकाला मात्र तिच्यात पुढील इतिहासाची चाहूल दिसते. बेरियम टिटॅनेटचे रासायनिक घटक ध्रुवीकरणापूर्वी जे होते तेच नंतरही राहिले. बदलली ती कणांच्या ध्रुवणाची मांडणी.

शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांचे संयुग, म्हणजे लेड झिर्कोनेट टिटॅनेट किंवा पीझेडटी, हे या घराण्यातील सर्वांत यशस्वी अपत्य. जपानी संशोधकांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी या मालिकेचा अभ्यास केला होता. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये बर्नार्ड जॅफे आणि सहकाऱ्यांनी १९५४ साली दाखविले की झिर्कोनियम व टायटॅनियम यांचे प्रमाण ५२:४८ च्या आसपास, दोन स्फटिकरचनांच्या सीमेवर, असले म्हणजे दाबविद्युत परिणाम विशेष तीव्र होतो. तेव्हापासून आजवर व्यवहारात या पदार्थाचेच राज्य आहे.

पाण्याने विचारलेला प्रश्न

पीझेडटी मिळाल्यावर प्रश्न संपावयास हवा होता. तो का संपला नाही, हे समजण्यासाठी थोडे आकडे पाहणे आवश्यक आहे. पीझेडटी-५ए या प्रकारात ध्रुवणाच्या दिशेने बल लावल्यास दर न्यूटनमागे सुमारे ३७४ पिकोकूलोम भार मिळतो. आडव्या दिशेने बल लावल्यास मिळणारा भार उलट चिन्हाचा, सुमारे १७१ पिकोकूलोम असतो. प्रयोगशाळेच्या मेजावर आपण एकाच दिशेने दाबतो, तेव्हा पहिला आकडा लागू पडतो. पण खोल पाण्यात हायड्रोफोनवर सर्व बाजूंनी सारखाच दाब येतो. आडव्या दिशा दोन; म्हणून ३७४ मधून १७१ ची दुप्पट, ३४२, वजा होते आणि उरतात फक्त ३२. ज्या पदार्थाची निवड त्याच्या तीव्र प्रतिसादासाठी केली, तो पाण्यात स्वतःच स्वतःचा आवाज दाबतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. ग्राहकाला भारापेक्षा विद्युत्‌दाब हवा असतो आणि तो भाराला पदार्थाच्या विद्युत् अपारक स्थिरांकाने भागून येतो. पीझेडटी-५ए चा हा स्थिरांक सुमारे १७०० आहे. मुळात ३२ उरलेल्या आकड्याला पुन्हा या मोठ्या संख्येने भागावयाचे! त्यात पीझेडटीची घनता पाण्याच्या साडेसात पटींहून अधिक. मोठ्या पृष्ठभागावर, जहाजाच्या वक्र अंगावर त्याचे अखंड पत्रे बसविणे दुरापास्त. अशा वेळी नव्या रासायनिक संयुगांचा शोध घेणे स्वाभाविक होते आणि पुष्कळांनी तोच मार्ग धरला.

बहुवारिकांकडून आलेली आशा जपानमधील होती. आइइची फुकादा यांनी १९५० च्या दशकात लाकूड व, यासुदा यांच्यासमवेत, हाड यांतील दाबविद्युत मोजली होती. त्याच परंपरेत हेइजी कावाई यांनी १९६९ साली ताणून ध्रुवीकृत केलेल्या पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइडच्या पातळ पटलात लक्षणीय दाबविद्युत असल्याचे प्रसिद्ध केले. या पटलाचा भारगुणांक पीझेडटीच्या दशांशाहूनही कमी. परंतु अपारक स्थिरांक केवळ १२ च्या आसपास, वजन हलके आणि घडी घालता येईल इतकी लवचिकता. विद्युत्‌दाबाच्या हिशेबात तो अवजड सिरॅमिकला मागे टाकीत होता. मात्र पटल पातळ असल्याने त्याची धारिता व यांत्रिक रूप यांच्या मर्यादा होत्या, आणि ताणण्याची व ध्रुवीकरणाची क्रिया जाड नगांना सोसत नव्हती.

मिसळण्याचे प्रयोग

दोन पदार्थांचे गुण असे परस्परपूरक दिसल्यावर ते मिसळून पाहण्याची कल्पना कोणालाही सुचेल. जपानमध्ये कितायामा व सुगावारा यांनी १९७२ साली पीझेडटीची भुकटी पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइडमध्ये मिसळली. अमेरिकेत पुढील वर्षी पॉलियुरेथेन रबरात पीझेडटीचे कण घालून लवचिक पत्रे तयार झाले. संमिश्रांच्या इतिहासातील अग्रक्रमाचा मान या प्रयत्नांना दिला पाहिजे. तो बहुधा दिला जात नाही. पत्रे लवचिक होते, कापता येत होते, मोठे करता येत होते. कमी पडत होती ती विद्युत्.

कारण विद्युत्‌स्थितिकीच्या प्राथमिक पाठात सापडते. कमी स्थिरांकाच्या माध्यमात मोठ्या स्थिरांकाचा गोल कण ठेवला आणि बाहेरून विद्युत्‌क्षेत्र लावले, तर बहुतेक क्षेत्र माध्यमच गिळून टाकते. इपॉक्सीचा स्थिरांक ४ आणि सिरॅमिकचा १७०० धरला, तर एकाकी गोल कणाच्या आत पोहोचणारे क्षेत्र बाहेरील क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. कणांचे ध्रुवीकरण व्हावे म्हणून बाहेरचे क्षेत्र वाढवीत नेले की कण वळण्यापूर्वी बहुवारिकच विद्युत्‌भंग पावते. म्हणजे उत्तम सिरॅमिक आत होते, पण ते जागे करण्याची सोय नव्हती. दाबाचेही तेच. मऊ माध्यमात तरंगणाऱ्या कठीण कणापर्यंत बल पुरेसे पोहोचत नाही. हे दोष कमी करण्याचे उपाय पुढे निघाले : माध्यमात थोडी वाहकता आणणे, तापवून ध्रुवीकरण करणे, किंवा आडवा परिणाम मुळातच क्षीण असलेले लेड टिटॅनेट वापरणे. शेवटच्या मार्गाने जपानमध्ये दाबविद्युत रबराचे व्यापारी उत्पादनही झाले. तथापि या सर्व उपायांनी मूळ अडचणीला वळसा घातला. ती नेमकी काय आहे, हे नाव देऊन कोणी सांगितले नव्हते.

पेन स्टेट, १९७८

ते नाव पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीतून आले. ही प्रयोगशाळा १९६२ साली रुस्तुम रॉय यांच्या संचालकत्वाखाली सुरू झाली होती. (रॉय यांचा जन्म रांचीचा.) तेथे रॉबर्ट न्यूनहॅम हे स्फटिकशास्त्रज्ञ आणि मूळचे लीड्सचे एरिक क्रॉस हे फेरोइलेक्ट्रिक पदार्थांचे अभ्यासक एकत्र काम करीत होते, अमेरिकन नौदलाच्या संशोधन कार्यालयाचा त्यांच्या कामाला आधार होता. न्यूनहॅम, डी. पी. स्किनर आणि क्रॉस यांनी १९७८ साली 'मटेरियल्स रिसर्च बुलेटिन'मध्ये संलग्नतेविषयीचा निबंध प्रसिद्ध केला.

निबंधाची मुख्य कल्पना शाळकरी मुलाला समजावी इतकी सोपी आहे. संमिश्रातील प्रत्येक घटक किती दिशांनी स्वतःशी अखंड जोडलेला आहे, एवढेच विचारावयाचे. सुटा कण कोणत्याच दिशेने अखंड नसतो, म्हणून ०; तंतू किंवा कांडी एका दिशेने, म्हणून १; थर दोन दिशांनी, म्हणून २; आणि स्पंजासारखे जाळे तिन्ही दिशांनी, म्हणून ३. दोन घटकांचे असे दोन आकडे जोडीने लिहिले की एकूण दहा प्रकार होतात. सक्रिय घटकाचा आकडा आधी लिहिण्याचा प्रघात पडला. भुकटी मिसळलेले रबर हे ०-३. बहुवारिकात उभ्या केलेल्या सिरॅमिकच्या कांड्या हे १-३. एकमेकांत गुंतलेली दोन जाळी म्हणजे ३-३.

एका स्फटिकशास्त्रज्ञाने केलेले हे वर्गीकरण आहे, हे त्याच्या तोंडवळ्यावरूनच कळते. वर्गीकरणाला आपल्याकडे दुय्यम काम समजण्याची रीत आहे. येथे मात्र तक्ता मांडल्याबरोबर दिसून आले, की आधीचे सर्व प्रयोग त्याच्या एकाच घरात, ०-३ च्या घरात, अडकून पडले होते आणि ते घर सिरॅमिकच्या अखंडतेच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीचे होते. क्षेत्र आणि बल यांना सिरॅमिकमधून एका विद्युत्‌अग्रापासून दुसऱ्यापर्यंत सलग वाट हवी. म्हणजे शोधावयाचा होता तो भुकटीचे चांगले प्रमाण सांगणारा आकडा नव्हे, तर सिरॅमिक कोणत्या दिशेने तोडावे आणि कोणत्या दिशेने तोडू नये याचा निर्णय.

त्याच सुमारास स्किनर, न्यूनहॅम व क्रॉस यांनी ३-३ संमिश्र बनविण्यासाठी योजलेली युक्ती नमूद करण्यासारखी आहे. प्रवाळाच्या सांगाड्यात पोकळ्या आणि भिंती अशा दोन्ही अखंड असतात. या सांगाड्यात निर्वात स्थितीत मेण भरावयाचे, कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा आम्लात विरघळवून टाकावयाचा, उरलेल्या मेणाच्या साच्यात पीझेडटीचा लगदा ओतावयाचा, मेण जाळून सिरॅमिक भाजावयाचे आणि शेवटी पोकळ्यांत सिलिकोन रबर भरावयाचे. आपल्याकडे मूर्तिकार मेण गाळून धातू ओततात, त्याच जातीची ही पद्धत. फक्त साचा समुद्राने घडविलेला. प्रवाळावर कारखाना चालत नाही, हे उघड होते. म्हणून १९७९ साली श्राउट, शुल्झ व बिगर्स यांनी प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या पीझेडटीत मिसळून त्या भाजताना जाळून टाकण्याची सोपी रीत सुचविली. सच्छिद्र पीझेडटीच्या या शाखेत पुण्याच्या आयुध संशोधन व विकास आस्थापनेतील पीझेडटी केंद्रानेही काम केले असून त्यावरील निबंध २००५ साली 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

कांड्या आणि करवत

दहा प्रकारांपैकी सर्वाधिक फलदायी ठरला तो १-३. के. ए. क्लिकर, बिगर्स आणि न्यूनहॅम यांनी १९८१ साली पीझेडटीच्या बारीक कांड्या छिद्रे पाडलेल्या चकत्यांत उभ्या रचून भोवती इपॉक्सी ओतले, ठोकळ्याचे काप काढले आणि त्यांचे ध्रुवीकरण केले. प्रत्येक कांडी एका पृष्ठापासून दुसऱ्या पृष्ठापर्यंत सलग असल्याने क्षेत्र पूर्णपणे तिच्या वाट्याला येते. ०-३ मधील अडचण येथे उद्‌भवतच नाही.

याचे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवावे इतके बोलके आहे. समजा घनफळाच्या १० टक्के सिरॅमिक आहे. पीझेडटीचा ताठरपणा ६० गिगापास्कल, इपॉक्सीचा ३. वरून दाबल्यावर दोघे सारखेच आखडतात, म्हणून बल ताठरपणाच्या प्रमाणात वाटले जाते : सिरॅमिककडे ६ भाग, इपॉक्सीकडे २.७ भाग. दहा टक्के जागा व्यापणारे सिरॅमिक सुमारे ७० टक्के भार उचलते. म्हणजे भारगुणांकही सुमारे ७० टक्के टिकतो, अपारक स्थिरांक मात्र दहाव्या हिश्शावर येतो. परिणामी विद्युत्‌दाब जवळपास सातपट. नव्वद टक्के सिरॅमिक काढून टाकल्याने पदार्थ अधिक संवेदनशील झाला! शिवाय आडव्या दिशेने सिरॅमिक तुटलेले असल्याने बाजूचा दाब मुख्यतः बहुवारिक सोसते आणि पाण्यातील ती घातक वजाबाकी बरीच सौम्य होते. 'सरासरी' या कल्पनेने संमिश्रांकडे पाहणाऱ्याला हा निष्कर्ष कधीच मिळाला नसता.

प्रत्यक्षात मिळालेले आकडे या हिशेबाहून कमी होते. बाजूने दाबलेले बहुवारिक लांबीच्या दिशेने फुगू पाहते आणि कांड्यांना ताणते. तेवढ्या प्रमाणात दाबाचा परिणाम पुन्हा कमी होतो. त्यावर उपाय म्हणून बहुवारिकात हवेचे बुडबुडे ठेवण्यात आले, आडवे काचतंतू घालण्यात आले. तरीही हायड्रोफोनसाठी योजल्या जाणाऱ्या गुणवत्तांकात शुद्ध सिरॅमिकच्या दहा पटींहून अधिक सुधारणा साधली.

शेकडो कांड्या हाताने उभ्या करण्याचे किचकट काम त्याच वर्षी टळले. सवाकुस, क्लिकर व न्यूनहॅम यांनी सिरॅमिकच्या अखंड ठोकळ्यात हिरकणीच्या करवतीने उभे-आडवे चर पाडून त्यांत इपॉक्सी भरण्याची रीत वर्णिली. चरांमध्ये उरलेले चौकोनी खांब याच कांड्या. या रीतीने नौदलाच्या प्रश्नातून जन्मलेला पदार्थ वैद्यकात शिरला. तेथील प्रश्न वेगळा होता. पीझेडटीचा ध्वनिसंरोध सुमारे ३३ आणि शरीरातील ऊतींचा १.५ मेगारेल, मध्ये काही न ठेवता दोघांना जोडले तर सीमेवरून सुमारे ८३ टक्के ध्वनिऊर्जा परत फिरते. पंचवीस टक्के सिरॅमिक असलेल्या संमिश्राचा संरोध १० च्या खाली येतो आणि निम्म्याच्या आसपास ऊर्जा पलीकडे जाते. उरलेले काम जुळणी करणाऱ्या थरांवर सोपविता येते. पीझेडटीच्या अखंड चकतीत यांत्रिक व विद्युत् ऊर्जेचा युग्मनांक ०.५ च्या आसपास असतो, कारण तिच्या कडा मोकळ्या हलू शकत नाहीत. उंच खांबाला ते स्वातंत्र्य असल्याने संमिश्रात तो ०.६ च्या वर जातो. वॉलेस स्मिथ आणि बर्ट्रम ऑल्ड यांनी १९९१ साली मांडलेल्या साध्या गणिती प्रतिमानामुळे हे सर्व आधी कागदावर ठरवून मग करवत हाती घेणे शक्य झाले. आज सोनोग्राफीच्या शोधकांत १-३ व २-२ या दोन रचना रूढ आहेत.

शिशाचा प्रश्न आणि नवे स्फटिक

पुढील घडामोडी संक्षेपाने सांगता येतात. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि नासाचे लँगली केंद्र येथे सिरॅमिकचे तंतू बहुवारिकात आडवे बसवून, कंगव्याच्या दातांसारखी विद्युत्‌अग्रे छापून, वक्र पृष्ठांवर चिकटविता येतील असे पातळ संवेदक विकसित झाले. न्यूनहॅम २००९ साली आणि क्रॉस २०१६ साली निवर्तले.

अधिक विचार करावयास लावणारी घडामोड द्रव्याच्या बाजूची आहे. पार्क आणि श्राउट यांनी १९९७ साली शिसे, मॅग्नेशियम किंवा जस्त, नायोबियम व टायटॅनियम यांच्या एकसंध स्फटिकांत पीझेडटीहून कितीतरी मोठा परिणाम वर्णिला. खांबाच्या आकारात त्यांचा युग्मनांक ०.९ च्या वर जातो. पण चकतीच्या आकारात हा लाभ बराच हरवतो. म्हणून या स्फटिकांचे अखंड काप वापरण्याबरोबरच त्यांनाही करवतीने चिरून इपॉक्सीत बसविण्यात येऊ लागले.

या स्फटिकांतही शिसे आहेच. युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले. दाबविद्युत सिरॅमिकला पर्याय नसल्याने सूट द्यावी लागली. जपानमध्ये सायतो आणि सहकाऱ्यांनी २००४ साली पोटॅशियम-सोडियम नायोबेटवर आधारित, कणांना मुद्दाम एका दिशेने वाढवून घडविलेल्या शिसेविरहित सिरॅमिकमध्ये दर न्यूटनमागे ४१६ पिकोकूलोम इतका भार मिळविला. तोही पुन्हा कणांच्या मांडणीतूनच आला. शिसेविरहित सिरॅमिकचे खांब इपॉक्सीत उभे करून १-३ संमिश्रे तयार झाली आहेत. त्यांची आखणी करताना स्मिथ-ऑल्ड यांचे प्रतिमान जसेच्या तसे वापरता येते. फक्त सिरॅमिकचे स्थिरांक बदलून लिहावे लागतात.